टीपी-लिंक आरई३०५: मागच्या खोलीत वायफाय पोचवणारा एक्स्टेंडर, आणि त्याला जोडायची एक वायर

टीपी-लिंकचा आरई३०५ हा थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा वायफाय एक्स्टेंडर आहे. ऑनलाइन साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो, सेलमध्ये थोडा खाली येतो. फायबरवाल्याने राउटर हॉलमध्ये मुख्य दाराशी ठोकून दिलाय आणि मागच्या बेडरूममध्ये मोबाईलवर वायफायची एकच काडी दिसते, अशा घरांसाठी ही वस्तू आहे. एक अट मात्र आहे: प्लॅन १०० एमबीपीएसपर्यंतचा असावा. २०० किंवा ३०० चा प्लॅन असेल आणि तो जसाच्या तसा मागच्या खोलीत हवा असेल, तर हा घेऊ नका.

खोक्यावर एसी१२०० असं ठळक छापलेलं असतं. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मिळवून वर ढकललेला तो आकडा. एका मोबाईलला हे दोन्ही एकदम मिळत नाहीत, त्यामुळे बेरजेला काही अर्थ नाही. ८६७ सुद्धा दिसतात ते एकाच खोलीत, ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर, दोन्हीकडे दोन-दोन अँटेना असतील तेव्हा, आणि तेही लिंक स्पीड म्हणून, म्हणजे फोन आणि यंत्र यांच्यातल्या जोडणीचा कागदी वेग. प्रत्यक्ष डाउनलोड त्याहून बरंच कमी. त्यापेक्षा बारीक अक्षरातली ओळ वाचा: लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) १०/१००. म्हणजे वायरीने यात शिरणारं किंवा यातून निघणारं नेट १०० च्या वर जात नाही. स्पीड टेस्टमध्ये ९३-९४ दिसतात आणि तिथेच काटा अडतो. ८६७ चा रेडिओ आणि १०० चं पोर्ट म्हणजे टाकीला दोन इंची पाइप आणि खाली अर्ध्या इंची नळ. याच कंपनीच्या आरई४५० ला गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं, पोर्ट आहे; हाच फरक पैशांत दिसतो.

आता हा काम कसं करतो ते. एक्स्टेंडर राउटरचं बोलणं ऐकतो आणि तेच पुन्हा मागच्या खोलीकडे बोलतो. ऐकणं आणि बोलणं एकाच चॅनलवर चाललं, तर दोन्ही एका वेळी होत नाहीत. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं आणि वेग ढोबळमानाने निम्मा होतो. एक्स्टेंडर लावलेल्या जागी मोबाईलवर थेट राउटरचे ८० एमबीपीएस येत असतील, तर त्याच बँडवरून (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ, ज्यावर ऐकलं त्याच पट्ट्यावरून) पुढे ४० च्या आसपास धरा. यात यंत्राचा दोष नाही. या जातीच्या सगळ्याच यंत्रांचं असं आहे. आरई३०५ ला दोन बँड असल्याने थोडी पळवाट मिळते: राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंत ५ गिगाहर्ट्झ आणि तिथून खोलीपर्यंत २.४. सेटअप करताना राउटरचं २.४ चं नेटवर्क निवडायची पायरी 'स्किप' करून फक्त ५ चं निवडलं की झालं. पण २.४ वर सोसायटीतल्या शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं आधीच गर्दी करून बसलेली असतात, त्यामुळे या वाटेनेही ४०-५० च्या वर फार अपेक्षा ठेवू नका. व्हिडिओ कॉल, मुलांचा ऑनलाइन क्लास, टीव्हीवर एचडी सिनेमा, एवढ्याला ते भरपूर आहे.

हे यंत्र पास होणार की नापास, ते तुमच्या भिंतींवर ठरतं. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात आणि ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी. साडेचार इंची विटेची आतली भिंत सिग्नल थोडा खाते, नऊ इंची त्याहून जास्त, आणि सळई भरलेलं काँक्रीट सगळ्यात जास्त. ५ गिगाहर्ट्झला हे सगळं २.४ पेक्षा जड जातं. मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरांत मायवान पद्धतीने ओतलेल्या भिंती असतात, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच. अशा टू-बीएचकेत ५ गिगाहर्ट्झ दोन भिंतींत संपतं, आणि जुन्या चाळीतल्या मित्राकडे उत्तम चालणारा एक्स्टेंडर इथे हात टेकतो. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात जांभ्याच्या जाड भिंती आहेतच, वर पावसाळ्यात ओल धरलेला दगड सिग्नल आणखी पितो. मे महिन्यात केलेली मांडणी जुलैत डळमळू शकते, म्हणून तिथे थोडी शिल्लक ठेवूनच जागा निवडा.

जागा निवडणं हेच खरं काम. बहुतेक लोक एक्स्टेंडर नेमका त्याच खोलीत लावतात जिथे नेट येत नाही. मग त्याला ऐकूच काही येत नाही, आणि मोबाईलवर मात्र काड्या भरलेल्या दिसतात. काड्या एक्स्टेंडरच्या, नेट शून्य. जागा हवी ती वाटेत, साधारण मध्यावर, जिथे राउटर अजून नीट ऐकू येतो. हे अंदाजाने ठरवू नका. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीचं कुठलंही अ‍ॅप टाका आणि ज्या सॉकेटचा विचार आहे त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर फोन धरून आकडा बघा. आकडा उणेमध्ये असतो: उणे ५० म्हणजे झकास, उणे ६० ते ६५ ही एक्स्टेंडरची जागा, उणे ७० ला काम रडतखडत, आणि उणे ८० ला सोडून द्या. फोन हातात धरल्यावर तळव्याने अँटेना झाकली जाते, म्हणून फोन भिंतीला टेकवून थोडं लांब उभं राहा आणि आकडा दहा-पंधरा सेकंद स्थिर होऊ द्या.

यंत्रावर सिग्नलचा दिवा आहे. निळा म्हणजे राउटर नीट ऐकू येतोय, लाल म्हणजे फार लांब आलात, मागे सरका. पण निळा दिवा फक्त राउटरकडच्या बाजूचं सांगतो. तिथून पुढे मागच्या खोलीत पलंगाशी काय पोचतंय ते फोन घेऊन वेगळं बघायचं. दोन्ही बाजू जमवणारी जागा बहुधा पॅसेज किंवा मधल्या खोलीचं दार असतं. सिग्नल उघड्या दारांतून जातो तितका भिंतीतून जात नाही, तेव्हा राउटर आणि खोली यांच्यात दारांची रांग कुठून लागते ते बघा.

आणि इथेच आपल्या घरांची एक अडचण येते. पॅसेजमध्ये सॉकेटच नसतं, नुसता दिव्याचा बोर्ड असतो. जिथे सॉकेट आहे तिथे त्याच्या डोक्यावर त्याचंच बटण, आणि आरई३०५ चं धूड खोचलं की बाजूची एक-दोन बटणं त्याच्या पोटाखाली जातात. पंख्याचं बटण झाकलं गेलं की घरातलं कोणी ना कोणी दुसऱ्या दिवशी डबा उपटून ठेवतं. गीझर किंवा एसीच्या नुसत्या १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटमध्ये याच्या पिना बसत नाहीत. ५-६ अँपिअरचा साधा पॉइंट लागतो. एक्स्टेंशन बोर्ड वापरायला हरकत नाही, फक्त तो जमिनीवर पलंगाखाली नको. छातीच्या उंचीवर, दोन्ही अँटेना उभ्या, मागे फ्रिज, आरशाचं कपाट किंवा लोखंडी गोदरेज नाही, आणि वर पडदा लोंबत नाही, एवढं पाळा. यंत्र चालताना कोमट होतं, त्याची घडण तशीच आहे, पण त्याच्या जाळ्या झाकू नका. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हशेजारी लावाल तर खिचडी गरम होईपर्यंत २.४ वरचं नेट अडखळत राहील.

सेटअप सोपा आहे, बहुतेकांचं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. आधी एक्स्टेंडर राउटरच्याच खोलीत लावा. मागच्या खोलीत नंतर न्यायचा. पॉवरचा दिवा लुकलुकायचा थांबला की फोनच्या वायफाय यादीत टीपी-लिंक एक्स्टेंडर असं नाव दिसेल, त्याला जोडा. आता फोन म्हणतो या नेटवर्कला इंटरनेट नाही, आणि गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो. मग सेटअपचं पान उघडत नाही आणि माणूस यंत्राला दोष देतो. म्हणून मोबाईल डेटा आधी बंद. नंतर ब्राउझरमध्ये टीपीलिंकरिपीटर डॉट नेट किंवा १९२.१६८.०.२५४ हा पत्ता टाका. एक अ‍ॅडमिन पासवर्ड बनवायला सांगेल, तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. मग २.४ चं नेटवर्क निवडा, पासवर्ड, ५ चं निवडा, पासवर्ड, पुढचं नाव ठरवा, सेव्ह. दिवे लागले की काढा आणि मोजून ठरवलेल्या जागी न्या. हेच सगळं कंपनीच्या टेथर अ‍ॅपमधूनही होतं.

डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडणी करणारं) बटण दाबून काम भागवता येतं, म्हणजे आधी राउटरवरचं आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं, पण फायबर कंपन्यांनी दिलेल्या बऱ्याच राउटरमध्ये डब्ल्यूपीएस बंद असतं. राउटर डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर ते मुळातच चालत नाही. तेव्हा ब्राउझरचीच वाट धरा.

जोडलं जात नाही तेव्हा बहुधा राउटरमधलीच एखादी सेटिंग आड येते. जिओफायबरच्या राउटरचं पान १९२.१६८.२९.१ वर उघडतं, इतर अनेकांचं १९२.१६८.१.१ वर. तिथे सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण करा. राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली लपवत असेल तर सेटअपपुरती तरी नावं वेगळी करा, म्हणजे आपण नक्की कशाला जोडतोय ते दिसेल. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो' वर असेल तर राउटर कधीतरी ५२ ते १४४ यांपैकी एखाद्यावर जाऊन बसतो. हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि काही एक्स्टेंडर त्या चॅनलकडे बघतही नाहीत. काल दिसणारं ५ चं नाव आज गायब होतं ते यामुळे. ३६ किंवा १४९ वर कायम करून टाका. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वायरलेस जोडणीत एक्स्टेंडरला राउटरचाच चॅनल घ्यावा लागतो, त्याला स्वतःचा निवडता येत नाही. म्हणून बदल करायचा तो राउटरमध्ये.

नाव एकच ठेवावं की वेगळं? घरभर फोन घेऊन फिरणारे असतील तर एकच. पण फोन आळशी असतो. हॉलमधल्या राउटरला धरलं की मागच्या खोलीत एक काडी उरली तरी सोडत नाही, आणि वायफाय कॉलिंगवर बोलताना आवाज तुटतो. टीव्ही, कॅमेरा, डेस्कटॉप अशा जागचं न हलणाऱ्या वस्तूंसाठी वेगळं नाव बरं, म्हणजे त्या चुकूनही लांबच्या राउटरला चिकटत नाहीत. खोक्यावरचं वनमेश (राउटर आणि एक्स्टेंडर मिळून एकच जाळं करायची सोय) हे नाव वाचून हरखून जाऊ नका. ते चालतं टीपी-लिंकच्याच, वनमेश असलेल्या राउटरसोबत. फायबरवाल्याने दिलेल्या राउटरशी त्याचा संबंध नाही.

एवढं सगळं नीट केल्यावर वायरलेस आरई३०५ ला दहापैकी सहा गुण. आता तोच डबा साडेआठपर्यंत कसा जातो ते.

यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे. राउटरच्या लॅन पोर्टातून एक वायर मागच्या खोलीपर्यंत आणायची, आरई३०५ त्याच खोलीत लावून वायर त्याच्या पोर्टात खोचायची, आणि सेटिंगमध्ये मोड बदलायचा. यंत्र रीस्टार्ट होतं आणि मग ते राउटरकडून हवेतून काही ऐकतच नाही. निम्मा वेग गेला ही भानगड संपली, भिंती संपल्या, मायवानही संपलं. १०० च्या प्लॅनवर खोलीत ९० च्या वर मिळतात, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) जवळपास हॉलमधल्या इतकाच, आणि आता चॅनलही स्वतंत्र देता येतो: राउटर १ वर तर हा ६ किंवा ११ वर, ५ गिगाहर्ट्झवर एक ३६ ला आणि दुसरा १४९ ला. दोन हजारांच्या वस्तूतून याहून जास्त काढता येत नाही. लोक हा मोड वापरत नाहीत याचं कारण एकच, वायर ओढायचा कंटाळा.

तो कंटाळा वाटतो तितका खरा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट असतो आणि भिंतीत त्याची पाइप असते. आतली जुनी केबल आता कोणी वापरत नाही. तिच्या टोकाला नवी लॅन वायर इन्सुलेशन टेपने घट्ट, निमुळती बांधा आणि दुसऱ्या टोकाने जुनी केबल ओढा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून सारायचं. कोपऱ्यावर अडली तर थोडी मागे घेऊन पुन्हा. जोर लावला की टेप सुटते आणि मग पाइप रिकामी राहते, तेव्हा दमाने. विजेच्या वायरींच्या पाइपमध्ये लॅन वायर घालू नका, शॉकचा धोका आहे. पाइप नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी, नाहीतर दाराच्या चौकटीच्या कडेने क्लिपा. दाराखालून न्यायला चपटी लॅन केबल मिळते, दहा-पंधरा मीटरपर्यंत ती चालते.

वायर कॅट ६, शुद्ध तांब्याची, मीटरमागे साधारण वीस-पंचवीस रुपये. त्याहून फारच स्वस्त देत असेल तर ब्लेडने तारेचं टोक खरवडून बघा. वर तांबूस आणि आत पांढरट चकाकलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे; वाकवली की तुटते. टोकाला आरजे४५ ही लॅनची पिन लावताना रंगांचा क्रम डावीकडून, क्लिप पाठीमागे ठेवून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. कोपऱ्यावरचा सीसीटीव्हीवाला दोन टोकं पाच मिनिटांत क्रिंप करून देतो. यात एक गंमत आहे: १०० एमबीपीएसला फक्त नारिंगी आणि हिरव्या जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसली तरी आरई३०५ बिनतक्रार चालतो. उद्या तिथे गिगाबिट यंत्र लावलं आणि तरी १०० च मिळाले, तर आधी ते टोक बघा.

मग वायर ओढायचीच असेल तर आरई३०५ च का? १०० च्या प्लॅनला तोच पुरे, कारण तो सॉकेटवर बसतो, वेगळा अ‍ॅडॉप्टर नको. त्यावरच्या प्लॅनला याच कंपनीचा गिगाबिट पोर्टांचा आर्चर सी६ राउटर घेऊन अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. घरात जुना राउटर पडून असेल तर पैसे खर्च करण्याआधी तोच वापरून बघा: त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.१.२ असा राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा, आणि वायर वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) न घालता लॅन पोर्टात. डीएचसीपी चालू राहिलं की दोन राउटर पत्ते वाटतात आणि घरातले निम्मे फोन जोडलेले दिसूनही चालत नाहीत. टीएल-डब्ल्यूए८५०आरई हा याच घराण्यातला स्वस्त भाऊ नुसता २.४ वर चालतो, आता घेऊ नका. डेको एम४ चा दोन नगांचा मेश संच (मिळून एकच जाळं करणारी यंत्रं) कितीतरी महाग पडतो, पण दोन्ही पोर्टं गिगाबिट आणि खोलीतून खोलीत जाताना फोन जास्त सहज उडी मारतो. डेको ई४ स्वस्त, पण त्याची पोर्टं पुन्हा १०० चीच. मेशही वायरीशिवाय लावला तर भिंती त्यालाही तशाच आडव्या येतात.

लाइट जाणाऱ्या गावांत अजून एक गोष्ट तपासा. इन्व्हर्टरवर बहुधा दिवे-पंखे आणि हॉलमधला एखादा पॉइंट असतो. राउटर त्या पॉइंटवर चालू राहतो, आणि एक्स्टेंडर मात्र मधल्या खोलीच्या साध्या सॉकेटवर असल्याने बंद पडतो. वायरमनला सांगून तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट आल्यावर फायबरचा राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर एक्स्टेंडरचा सिग्नलचा दिवा निळा नसला तरी त्याला रीसेट करू नका, तो आपला आपण जोडून घेतो. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) अपडेटही लाइट जायच्या वेळेला काढू नका. आणि कंपनीने राउटर बदलून दिला तर नव्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा जुनाच प्रकार द्या. एक्स्टेंडरला हात लावावा लागत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत वाचून घ्या आणि त्या मुदतीतच दोन चाचण्या करा. मागच्या खोलीत, दार बंद करून, संध्याकाळी नऊच्या सुमारास जेव्हा सगळी सोसायटी नेटवर असते, वायरलेसवर स्पीड टेस्ट. मग पंधरा-वीस मीटरची तयार लॅन केबल जमिनीवरून तात्पुरती अंथरून, मोड बदलून तीच टेस्ट. पहिलीत २५-३० मिळाले आणि तुमचं काम भागत असेल तर केबल गुंडाळून ठेवा. पहिलीत १० च्या आत आणि दुसरीत ९० आले, तर यंत्र ठेवून घ्या आणि पाइप मोकळी आहे का ते बघायला वायरमनला बोलवा. दोन्हीत १० च्या आत आले, तर राउटरच्या अगदी शेजारी उभं राहून आधी टेस्ट करा. तिथेही तेवढेच असतील तर तक्रार फायबरवाल्याकडे करायची आहे.